नक्कल, चोरी आणि अमानत

‘आलम आरा’ या हिंदुस्थानातल्या पहिल्या बोलपटाचे नाव शाळकरी मुलालाही पाठ असते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात तो प्रदर्शित झाला, अर्देशिर इराणी त्याचे दिग्दर्शक, मास्टर विठ्ठल नायक आणि जुबैदा नायिका, इतकी माहिती सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही मिळते. मिळत नाही तो खुद्द चित्रपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काही छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. ज्या चित्रपटाने पडद्याला जबान दिली, तोच कायमचा मुका झाला.

जुबैदाची आई फातमा बेगम. १९२६ साली त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा मूकपट दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो. त्यांनी स्वतःची चित्रपटसंस्थाही काढली. मुस्लिम घरातल्या स्त्रीने शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यामागे उभे राहावे, ही आपल्या मुलींना सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण सांगण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही. दाखवायला ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची चार मिनिटेसुद्धा शिल्लक नाहीत.

हे चित्रपट कुणी शत्रूने जाळले नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती वयाबरोबर सडते आणि चटकन पेट घेते. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असल्यामुळे कित्येक जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली. चित्रपटाचा धंदा संपला की रीळ म्हणजे अडगळ, असाच हिशेब होता. प्रती मुळात मोजक्या आणि त्याही मालकाच्या किंवा वितरकाच्या गोदामात. एका गोदामाची राख झाली की चित्रपटच संपे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठारालाच आग लागली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधी दुसऱ्या, सुरक्षित फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते त्या आगीतूनही वाचले. नक्कल होती म्हणून अस्सल राहिले.

नकलेचे हे मोल आपल्या मुलखाला नवे नाही. आम्ही राहतो ते मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद. तापी-पूर्णेच्या या परिसरात मुक्ताबाईंच्या नावाने दरवर्षी यात्रा भरते, इथून पंढरपूरला पालखी जाते. तेराव्या शतकातल्या त्या मुलीचे शब्द आमच्यापर्यंत कसे आले? छापखाना नव्हता. वारकऱ्यांनी ते पाठ केले, वहीत उतरवले, एकाची वही दुसऱ्याने नेली, तिच्यावरून तिसऱ्याने लिहून घेतले. त्या हस्तलिखित वह्यांना ‘बाड’ म्हणत. आपल्याकडे कातिबांनी हेच काम केले. बगदादच्या बाजारात ‘वर्राक’ नावाचे लोक ग्रंथांच्या नकला करून विकत आणि त्यावर पोट भरत. मूळ हस्तलिखिते नष्ट झाली, तरी किती किताबी केवळ नकलेमुळे टिकल्या! बाड लिहिणाऱ्याला किंवा कातिबाला कुणी चोर म्हटले नाही. त्याच्या हातातली वस्तू अमानत मानली जाई. मागच्याकडून घ्यायची आणि पुढच्याला सुखरूप द्यायची.

सिनेमाच्या बाबतीत अमानत आणि चोरी यांची सरमिसळ सुरुवातीपासूनच झालेली दिसते. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊ या दिग्दर्शकाने ‘नोस्फेरातू’ हा भयपट काढला. कथा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून, पण परवानगी न घेता घेतलेली. लेखकाच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे रास्तच होते. परंतु काही प्रती तोवर परदेशी पोहोचल्या होत्या आणि कुणी ना कुणी त्या राखल्या. आज जगभरच्या चित्रपटशाळांत ‘नोस्फेरातू’ शिकवला जातो, तो हुकुमातून सुटलेल्या त्या प्रतींमुळे. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ सालचा. निर्मात्यांनीच त्याची काटछाट केली आणि मूळ लांबीचा चित्रपट हरवला असे सर्वांनी धरून टाकले. २००८ साली तो जवळजवळ संपूर्ण सापडला, तोही जर्मनीत नव्हे तर अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्स येथील संग्रहालयात. ती प्रत मुळात एका खासगी संग्राहकाच्या प्रतीवरून काढलेली होती. मालकाने टाकलेले शौकिनाने जपले, असे सिनेमाच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

भारतात हे जपण्याचे काम सरकारी पातळीवर सुरू झाले १९६४ साली, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर. त्याचे नाव घेतले की पी. के. नायर आठवतात. गोदामे, जुनी थिएटरे, निर्मात्यांची घरे धुंडाळत या माणसाने सुमारे १२ हजार चित्रपट गोळा केले. दादासाहेब फाळक्यांच्या कामाचे जे अवशेष आज पाहता येतात, त्यांचे श्रेय मोठ्या प्रमाणावर नायरांना जाते. २०१६ साली ते वारले. हे संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. नायरांचा मोठेपणा नुसत्या साठवणीत नव्हता. कपाटात बंद असलेला चित्रपट अर्धा मेलेला असतो हे त्यांनी ओळखले होते, म्हणून संग्रहातली रिळे फिल्म सोसायट्यांकडे जात राहिली.

फिल्म सोसायटीची चळवळ त्याआधीचीच. सत्यजित राय आणि मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात सोसायटी काढली, १९५९ साली देशभरातल्या सोसायट्यांचे फेडरेशन झाले, मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ उभे राहिले. वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी एकत्र यायचे आणि परदेशी वकिलातींकडून किंवा संग्रहालयाकडून आलेला चित्रपट पाहायचा, अशी ही पद्धत. सभासदांपुरत्या अशा खेळांना सेन्सॉरमधूनही सूट मिळे. १९५२ साली भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात इटलीचा ‘बायसिकल थीव्हज्’ आणि जपानचा ‘राशोमोन’ लोकांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. दूरदेशीचा एक चित्रपट योग्य माणसाच्या नजरेस पडला तर काय होते, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

खेड्यातल्या माणसाला असले चित्रपट कळणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातले हेग्गोडू पाहावे. शिमोगा जिल्ह्यातल्या या गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘निनासम’ संस्थेने गावकऱ्यांना जगातले अभिजात चित्रपट दाखवले. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी ते पाहिले आणि त्यांवर चर्चाही केली. हेग्गोडूला जमले ते एदलाबादला का जमू नये?

खानदेशातल्या गावांपर्यंत सोसायटीची रिळे आली नाहीत. इथे आला तो जत्रेतला तंबू आणि त्यानंतर व्हीसीआर. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआरही घुसला. लग्नाला, सणाला टीव्हीसकट व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहायचे, ही आमच्या वडिलांच्या पिढीची चैन. मग मोहल्ल्यामोहल्ल्यांत व्हिडिओ पार्लर निघाले. ताडपत्रीने अंधार केलेली खोली, बाकडी आणि दोन-तीन रुपयांचे तिकीट. आमच्या लहानपणी कॅसेटची जागा सीडीने घेतली, ‘मास्टर प्रिंट’ आणि ‘थिएटर प्रिंट’ हे शब्द पोरांच्या तोंडी बसले. यातला बहुतेक माल बिनपरवाना होता, हे सांगायला वकील नको.

कायदाही मागे राहिला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन व्हिडिओ कॅसेटच्या नकलेसाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आली. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ सालचा एक कायदा आहे. २००९ साली त्याच्या यादीत ‘व्हिडिओ पायरेट्स’ची भर पडली. म्हणजे खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत आत ठेवण्याची तरतूद. मोठ्या टोळ्यांना वेसण घालणे हा त्यामागचा हेतू असेल. पण त्या यादीकडे पाहताना एक प्रश्न पडतो. हातभट्टीची दारू पिऊन कुणी दारू गाळण्याची कला शिकत नाही. व्हिडिओ पार्लरमध्ये बसून मात्र माणसे सिनेमा शिकली.

याचा पुरावा आमच्या शेजारी, मालेगावात आहे. यंत्रमागांचे गाव, शुक्रवारची सुटी आणि सुटीच्या दिवशी पिक्चर. नासिर शेख हा तिथला व्हिडिओ पार्लर चालवणारा तरुण. २००० साली त्याने गावातल्या दोस्तांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि मालेगावचे नाव जगभर गेले. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. पार्लरमध्ये बस्टर कीटनचे मूकपट लावणारा नासिर त्यात दिसतो. पुढे चोरीच्या मालाबद्दल पोलिसांचा छापा पडतो आणि ‘दुसऱ्याचा पिक्चर दाखवायचा नाही ना, मग आपलाच काढू’ असा विचार त्याच्या मनात येतो. पडद्यावरच्या कथेत रंग भरलेले असणारच. पण जे सांगायचे ते तिने नेमके सांगितले आहे. ज्यांना फिल्म इन्स्टिट्यूटचे दार माहीत नव्हते, त्यांची शाळा ते पार्लर होते.

म्हणून पायरसी हलाल ठरत नाही. मालेगावच्या कारागिराने रात्रपाळी करून विणलेला तागा कुणी फुकट उचलून नेला, तर आपण त्याला ‘कपड्याचा प्रसार’ म्हणणार नाही. चित्रपटही शेकडो माणसांच्या मजुरीतून तयार होतो. गेल्या शुक्रवारी लागलेला पिक्चर मोबाइलवर फुकट फिरवणे ही मजुरीवरची चोरीच आहे. २०२३च्या दुरुस्तीने थिएटरात बसून चित्रपट टिपणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड ठेवला, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण जो चित्रपट कुठल्याही दुकानात मिळत नाही, कुठल्या थिएटरात लागत नाही, ज्याचा मालक त्याला विकतही नाही आणि जपतही नाही, त्याची प्रत शौकिनाने राखली तर ती त्याच तराजूत तोलायची का? कायदा या दोघांत फारसा फरक करत नाही. इतिहास मात्र करतो.

आणि कायद्याचीही सगळी दारे बंद नाहीत. आपल्याला ती ठाऊक नसतात, एवढेच. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, त्यानंतर तो चित्रपट सर्वांचा होतो. १९५३चा ‘दो बिघा जमीन’, १९५७चा ‘मदर इंडिया’, १९६० सालचा ‘मुघल-ए-आझम’ यांची ही मुदत केव्हाच संपली. अर्थात कथा, गीते आणि संगीत यांचा हक्क निराळा असतो आणि तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, याचे भान ठेवावे लागते. दुसरे दार आम्हा शिक्षकांसाठी आहे. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसे एवढाच प्रेक्षकवर्ग असेल, तर चित्रपट दाखवल्याने हक्कभंग होत नाही. तिसरे दार फिल्म सोसायटीचे. ते काही मुंबई-पुण्यापुरते राखीव नाही.

यातले दुसरे दार आम्ही उघडून पाहिले आहे. माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ हा १९९७ सालचा इराणी चित्रपट रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून आमच्या मुलांना दाखवला. बहिणीचे बूट हरवणारा अली, एकाच जोडीत आळीपाळीने शाळेला जाणारी दोघे भावंडे. खाली इंग्रजी अक्षरे येत होती, ती वाचण्याइतका वेग मुलांकडे नव्हता. पण ‘मदरसा’, ‘किताब’, ‘मुअल्लिम’ असा ओळखीचा शब्द कानी पडला की बाकांवरून कुजबुज उठे. शर्यतीत तिसरा आल्यास बूट मिळणार, आणि अली नेमका पहिला येतो! पहिला येऊनही रडणारा मुलगा त्यांना कुणी समजावून द्यावा लागला नाही. ज्यांच्या घरी दोन भावंडांत एक दप्तर आहे, त्यांना इराण दूर नव्हता.

तेव्हा आपल्यापुढचे काम साधे आहे. तालुक्याच्या उर्दू आणि मराठी शाळांनी मिळून महिन्याला एक चित्रपट दाखवावा, रीतसर प्रतीवरून आणि कायद्याच्या चौकटीत. दुसरे काम त्याहून निकडीचे. आपल्या घरांच्या माळ्यांवर मुशायऱ्यांच्या, कव्वालीच्या, लग्नांच्या, गावठी नाटकांच्या कॅसेटी बुरशी धरून पडल्या आहेत. मालेगावच्या होतकरू पोरांनी काढलेल्या कित्येक फिती अशाच कुठेतरी असतील. त्यांच्यासाठी कुणी पी. के. नायर येणार नाही. ज्यांचे आवाज त्यात आहेत त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घेऊन त्यांच्या नकला काढाव्यात, आणि एक घरी, एक शाळेत, एक दुसऱ्या गावी अशा तीन ठिकाणी ठेवाव्यात. ‘आलम आरा’ची अशी एक जादा प्रत कुणा एका शौकिनाच्या घरी असती, तर जुबैदाचा आवाज आज आपल्या मुलींनी ऐकला असता.