खाकी बदकाचे घर

अंगणात पहिल्यांदाच बदके आणणाऱ्याला शेजारीपाजारी हमखास विचारतात, तळे कुठे आहे? बदक म्हणजे पाण्यावर तरंगणारा पक्षी, हे चित्र पहिलीच्या पुस्तकापासून आपल्या डोळ्यांत बसलेले असते. पण माणसाने बदक पाळल्याचा इतिहास चाळला की त्यात तळ्यापेक्षा भिंत, दार, जाळे, कोंबडी आणि भाताचे तूस यांचेच उल्लेख जास्त भेटतात. पाळता पाळता माणसाने या पक्ष्याच्या दोन गोष्टी जवळजवळ काढून घेतल्या. एक म्हणजे उडणे आणि दुसरी म्हणजे आपल्या अंड्यांवर बसणे. त्याचे घर कसे असावे हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आपल्याकडे अंड्यांसाठी बदके घ्यायला गेलात तर बहुधा 'खाकी कॅम्पबेल' ही जात पुढे केली जाते. नाव अर्धे आपले, अर्धे साहेबाचे. फारसीत 'खाक' म्हणजे माती, धूळ. खाकी म्हणजे मातकट. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की मुले आधी पोलिसांचे नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या कोअर ऑफ गाईड्स या पलटणीने मातकट कपडे घातले आणि तिथून हा उर्दू शब्द इंग्रजी फौजेत, मग इंग्रजी भाषेत गेला. 'बदक' हा शब्दही त्याच वाटेवरचा. अरबी 'बत', त्याला फारसी लघुत्वाचा 'क' लागून 'बतक', उर्दूत 'बतख', मराठीत बदक.

ही जात तयार केली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या उली गावच्या अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी. त्यांच्याकडे 'इंडियन रनर' जातीची एक मादी होती. ती अंडी भरपूर द्यायची, पण अंगाने सडपातळ. तिचा संकर त्यांनी रूआँ जातीच्या थोराड नराशी केला, पुढे रानटी मॅलार्डचे रक्त मिसळले आणि १८९८ मध्ये नवी जात लोकांपुढे आणली. नंतर त्यांना पिसांचा रंग फिकट पिवळसर हवा होता, कारण त्या काळी तोच रंग चलतीत होता. तो काही साधला नाही. पिल्ले निघाली मातकट. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होते आणि खाकी गणवेश घरोघरी ठाऊक झाला होता. १९०१ मध्ये बाईंनी तेच नाव देऊन टाकले. चांगली निगा राखली तर वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देणारी ही जात एका घरच्या अंगणात घडली, हे मला त्या अंड्यांच्या आकड्याहूनही मोलाचे वाटते.

आता त्या 'इंडियन रनर'चे पाहू. नावात इंडियन असले तरी ती हिंदुस्थानची नव्हे. तिचे मूळ जावा, बाली, लोंबोक या बेटांवर. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये तिकडे गेला होता. पेंग्विनसारखी ताठ उभी चालणारी ही बदके मोठ्या कळपांनी पाळली जातात आणि तांदळाच्या जहाजांवरचे खलाशी ती खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. खलाशी त्यांना 'बालीचे शिपाई' म्हणत. म्हणजे खाकी अंगावर येण्याच्या कितीतरी आधी हे बदक शिपाई झालेले होते!

या बेटांवर राखणदार सकाळी कळप कापणी झालेल्या भातखाचरात नेतो, चिंधी बांधलेली काठी चिखलात रोवतो, आणि बदके सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे टिपत तिच्या आसपास राहतात. संध्याकाळी कळप परत कुंपणात. अंडी पडतात ती रात्री आणि पहाटे, म्हणजे कुंपणातच. आपल्या देशात केरळच्या कुट्टनाडमध्ये चारा आणि चेंबळ्ळी जातींचे कळप असेच खाचरांतून फिरवतात. अशा चालत्या कळपात एखादी मादी अंड्यांवर खुडूक बसून राहिली तर ती मालकाला परवडत नाही. पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या माद्या राखल्या गेल्या, म्हणून आज रनर आणि खाकी कॅम्पबेल क्वचितच खुडूक होतात.

मग पिल्ले कोण काढणार? चीनमध्ये आणि बालीत ऊन केलेल्या तुसात अंडी ठेवून उबवण्याची जुनी रीत आहे. रोमन लोकांनी हे काम कोंबडीवर टाकले. कोंबडीने उबवलेली बदकाची पिल्ले पाणी दिसताच तिला सोडून जातात, असे सिसेरोनेही लिहिले आहे. आपल्या खेड्यांत कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवणारे लोक हा तमाशा आजही बघतात. फक्त एवढे लक्षात ठेवावे की कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत निघते, बदकाला २८ लागतात. तो जादा आठवडा कोंबडीने बसायला हवे. (दक्षिण अमेरिकेतून आलेले मस्कव्ही बदक या साऱ्याला अपवाद. ते वेगळ्याच कुळातले, स्वतः अंडी उबवते आणि उडतेही.)

बदकांच्या घराचा सर्वांत तपशीलवार जुना आराखडा कोलुमेलाने दिला आहे. हा स्पेनमधल्या काडिझचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. त्याच्या शेतीवरच्या ग्रंथात १५ फूट उंच भिंतीचा वाडा आहे. वर जाळे, म्हणजे बदके बाहेर उडणार नाहीत आणि ससाणे आत उतरणार नाहीत. भिंतीला आतबाहेर गुळगुळीत गिलावा, मांजर चढू नये म्हणून. मधोमध २ फूट खोल तळे, त्याच्या काठाला पायऱ्या नाहीत, उतार. भोवती गवत आणि भिंतीलगत फूटभर लांबीरुंदीच्या कोनाड्यांत घरटी.

तळे सोडले तर यातले बहुतेक सगळे आजही लागू आहे. कोलुमेलाची बदके अर्धी रानटी होती, त्यांना कोंडायला जाळे लागे. आपल्या खाकीला फारसे उडताच येत नाही, म्हणून कुत्रा, मुंगूस, रानमांजर आले तर ती पळून जाऊ शकत नाही. तेव्हा रात्रीचे खुराडे पक्के हवे, दाराला कडी हवी, आणि जाळीची भोके मुंगूस शिरणार नाही इतकी बारीक हवीत. एका बदकामागे ३ ते ४ चौरस फूट जागा धरावी. बदक माळ्यावर चढत नाही, जमिनीवरच झोपते. त्यामुळे पेंढा किंवा तूस जाड अंथरावे आणि ओले झाले की बदलावे. दाराशी पायरी नको, उतरती फळी ठेवा. त्याचे पाय नाजूक असतात. पायाला धरून उचलायचे तर मुळीच नाही.

पाण्याचे म्हणाल तर डोळ्यांपर्यंत डोके बुडेल अशी खोल बादली किंवा घमेले पुरते. नाकपुड्या आणि डोळे धुतले गेले नाहीत तर आजार होतात. खुराड्यात पाणी ठेवू नये, रात्रीतून चिखल होतो. यंत्रातून निघालेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे पोहायला सोडू नका. आईच्या पिसांचे तेल त्यांना मिळालेले नसते. ती भिजतात, गारठतात आणि मरतात.

खाण्यात एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले, बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतली बुरशी सापडली आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. बदकाला हे विष कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते. आपल्याकडे पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरायला किती वेळ लागतो? त्यापेक्षा कणी, कोंडा, भाजीपाला आणि अंगणातल्या गोगलगायी बऱ्या. पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात. कोंड्यात ते चांगले असते.

कोंबड्या आधीपासून असतील तर बदके त्यांच्यात मिसळू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. बदक हा विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता अंगात बाळगू शकते, आणि ओढ्यावरच्या रानबदकांत मिसळलेले बदक तो घरी आणू शकते. गरिबाच्या घरात दहा कोंबड्या म्हणजे मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे असतात.

नर किती ठेवावेत, असेही विचारले जाते. नुसती अंडी खायची असतील तर एकही नको. पिल्ले हवी असतील तर सहा-सात माद्यांमागे एक. मोठा आवाज करते ती मादी, घोगरा आवाज आणि शेपटीवर वळलेले पीस असलेला नर. आणि सकाळी खुराडे उघडण्याची घाई नको. आठ-साडेआठपर्यंत थांबावे, तोवर अंडी पेंढ्यात पडलेली असतात. लवकर सोडली तर ती झुडपात किंवा शेजाऱ्याच्या पडवीत शोधत बसावी लागतात.