निजामाची पिवळी रोल्स-रॉइस आणि आपल्या वऱ्हाडाचं भाडं

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या जिल्ह्याचा आहे. सवडीनं वाचा.

हैदराबादला गेलो की आपण चारमिनार बघतो, बिर्याणी खातो, बिस्किटांचे पुडे घेतो आणि आदिलाबाद-पांढरकवड्याच्या रस्त्यानं परत येतो. पुढच्या खेपेला चारमिनारजवळच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये जरा चक्कर मारा. तिथं एक पिवळीधमक मोटार आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, १९१२ सालची. मागची बैठक सिंहासनासारखी उंच, वर घुमटासारखं छत. सहावा निजाम महबूब अली खान यानं ती १९११ मध्ये मागवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला आणि गाडी आली ती मुलाच्या, उस्मान अलीच्या हाती.

आता म्हणाल, निजामाच्या गाडीचं यवतमाळला काय?

सांगतो. वऱ्हाड निजामाचं होतं. हैदराबाद कंटिन्जंट नावाची इंग्रजांच्या हुकमतीतली फौज, तिचा खर्च निजामाच्या माथी आणि ते पैसे थकलेले. त्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये कंपनीनं वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. पुढं १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपली काळी जमीन दिसली. मग वऱ्हाड परत कोण देतो? ५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झननं करारच करून टाकला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे, निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. शेत मक्त्यानं देतो ना आपण, तसं. फरक इतकाच की आपला मक्ता वर्षाचा असतो, हा कायमचा होता. कापसाला भाव येवो की पडो, निजामाची रक्कम ठरलेली. तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. म्हणजे आपल्या जिल्ह्याला हे नाव मिळालं तेव्हा आपण भाड्यानं दिलेले होतो!

या व्यवहारानंतर इंग्रजांनी निजामाला 'जी.सी.बी.' हा किताब दिला. लोकांनी त्याचा अर्थ लावला, 'गेव्ह कर्झन बेरार'. कर्झनला वऱ्हाड दिलं, म्हणून जी.सी.बी. टोमणा झकास आहे, पण ज्यांना दिलं त्या वऱ्हाडातल्या माणसाला कोणी विचारलं होतं?

ती पिवळी गाडी वऱ्हाडाच्याच पैशातून आली, असं मी म्हणत नाही. राजाची तिजोरी एकच असते, त्यातला कोणता रुपया कुठून आला हे कोण सांगणार? पण त्या तिजोरीत पुसद-दारव्हा-वणीच्या शेतसाऱ्याचा वाटा होता, एवढं नक्की. पुढं उस्मान अलीनं वऱ्हाड परत मागितलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं त्याला खडसावून उत्तर दिलं. १९३६ मध्ये निजामाच्या पदवीत 'हैदराबाद आणि बेरार' आलं, थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. नाव त्यांचं, अंमल इंग्रजांचा, घाम आपला.

आता गाडीकडे येऊ. त्या काळी रोल्स-रॉइस अख्खी मोटार विकत नसे. कंपनी इंजिन आणि चासी बनवायची, वरचा सांगाडा गिऱ्हाइकाच्या मर्जीनं दुसरा कारागीर बांधायचा. या गाडीचा सांगाडा लंडनच्या बार्कर कंपनीचा. हे लोक मूळचे बग्ग्या बांधणारे. म्हणून तेव्हाच्या मोटारींत आत लाकडी चौकट, विलायतेत बहुधा ॲश झाडाची, आणि वरून पत्रा. जीर्णोद्धारात खरी मेख इथंच आहे. इंजिन लोखंडाचं, ते उघडता येतं, घासून-पुसून बसवता येतं. लाकूड मात्र आतून सडतं, वाळवी लागते, आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. आपल्याकडे अशा ठिकाणी सागवान घालतात. सागवान म्हटलं की आपला जिल्हा आलाच. याच जिल्ह्यातल्या राखीव जंगलात गवत कापलं म्हणून १९३० मध्ये पुसदला लोकनायक बापूजी अण्यांना अटक झाली होती, तेही सहज आठवलं.

आणि गंमत बघा. १९४७ पर्यंत ही गाडी चालली किती? ३५६ मैल! म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरसुद्धा नाही. हैदराबादहून यवतमाळला येऊन परत जाण्याइतकीही नाही. अशी गाडी झिजून मरत नाही, उभी राहून मरते. टाकीत पेट्रोलचा चिकट राळा होतो, पाण्याच्या वाटा गंजतात, रबर कडक होतं. निजामाची गाडी राजवाड्यात वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. वारसदारांनी चौमहल्ला दुरुस्त केला, तशी तीही नीट झाली. राजवाड्याच्या कामाला २०१० मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

पैसा होता म्हणून झालं, हे खरंच. मग आपलं बघा. हेन्री रॉइसनं आपली पहिली मोटार १९०४ मध्ये मँचेस्टरला बांधली. त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन आपली शकुंतला ओढत होतं, थेट एप्रिल १९९४ पर्यंत. सत्तर वर्षं कापूस आणि माणसं वाहिली त्यानं! तीनशे मैल फिरलेल्या गाडीला राजवाडा, आणि शकुंतलेचे रूळ गवतात. ब्रॉडगेज हवीच, त्यात वाद नाही. पण नॅरोगेजचं एखादं स्टेशन, एखादा डबा जपायला कोणाची हरकत आहे?

एक कामाची गोष्ट. जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत, जिनिंगच्या आवारात ऑस्टिन, मॉरिस, हंबर अशा विलायती गाड्या कुठं पडल्या असतील तर किलोच्या भावानं भंगारात देऊ नका. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात. रोज बाजारात न्यायला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. आणि सगळ्यात आधी काय करायचं, तर काहीच करायचं नाही. रंग खरवडू नका, सीटचं चामडं फाडू नका, चासीवरची नंबरपट्टी काढू नका. त्या नंबरावरून गाडीचं कूळ शोधता येतं. रोल्स-रॉइसच्या जुन्या चासींची नोंदपत्रं तर इंग्लंडमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत.

तुमच्या गावात अशी गाडी बघितली असेल, निदान आजोबांकडून ऐकली असेल, तर कमेंटमध्ये तालुका, गाडीचा मेक आणि साल टाका. मालकाचं नाव-पत्ता मात्र टाकू नका, भंगारवाले पण वाचतात आपल्या पोस्टी.