पडशी ते शबनम

मराठी मुलखात खांद्यावरची कापडी पिशवी शिवणयंत्राच्या फार आधीपासून आहे. तिचे जुने रूप म्हणजे पडशी. एक कप्पा छातीवर, दुसरा पाठीवर, मधला भाग खांद्यावर. वजन दोन्हीकडे वाटले जाई आणि पायी चालणाऱ्याचे हात मोकळे राहत. ती सुईदोऱ्याने घरीच शिवता येई.

पिशवीला कापड लागते, आणि त्या कापडाची एक गोष्ट बालाघाटची आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये झाला. तो मध्य प्रांतातला, कारभार नागपूरचा. दक्षिणेकडच्या गावांत मराठी आणि पोवारी बोलली जाते. याच जिल्ह्यातल्या वारासिवनीत कोष्टी हातमाग चालवत. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज रेल्वे धावू लागली. गिरणीचा माल येणे सोपे झाले. मध्य प्रांतातल्या कोष्ट्यांचा बाजार गिरणीच्या कापडाने आखडला, हे या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान.

पिशवीला प्रतिष्ठा दिली ती खादीने. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, १९५१ मध्ये विनोबांची भूदान पदयात्रा निघाली. कार्यकर्त्यांच्या खांद्याला खादीची झोळी आली. तिचीच शहरी बहीण शबनम कवी, पत्रकार आणि चळवळीतल्या तरुणांची ओळख ठरली.

शबनमची बेतणी विलक्षण शहाणी आहे. पुढचा आणि मागचा असे दोन चौकोनी तुकडे, आणि एकच लांब पट्टी. तीच पट्टी एका बाजूने खाली उतरते, तळ होते, दुसऱ्या बाजूने वर चढते आणि खांद्याचा पट्टा बनते. त्यामुळे भार दोन टाक्यांवर न लोंबता साऱ्या शिवणीवर पसरतो. पट्टा वेगळा कापून वर जोडला, की पहिल्यांदा तिथेच उसवते. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रे बनू लागली आणि दुहेरी टीप घरात मारणे सोपे झाले. न्यूयॉर्कच्या सायकलस्वार निरोप्यांमुळे जगभर गेलेल्या मेसेंजर बॅगेत शबनमपेक्षा दोन गोष्टी जास्त दिसतात: पावसापासून राखणारी झडप आणि अस्तर.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वारासिवनीचे माग मात्र थांबले नाहीत. तिथल्या हातमाग साडीला आणि कापडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साडीचे पातळ कापड एकट्याने पुस्तकांचा भार पेलणार नाही. आत मांजरपाटाचे दुहेरी अस्तर घातले तर पेलते. घरी पिशवी शिवणाऱ्यांनी अस्तर कुठूनही आणावे, वरचे कापड वारासिवनीच्या विणकराकडून घ्यावे.