पुण्यातील दहा आवरणे

एच.आय.व्ही. हा विषाणू भारतात प्रथम आढळला तो १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रास शहरात. येथील बहुतेक संसर्ग 'सी' उपप्रकाराचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. पाश्चात्त्य प्रयोगशाळांची साधने मात्र प्रामुख्याने 'बी' उपप्रकारावर बेतलेली होती. परक्या मापाने पारखलेली लस येथे कितपत तारील, हा प्रश्न अटळ होता. १९९२ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने परदेशी संशोधकांच्या सहकार्याने तो हाती घेतला.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनासाठी पुण्यातील दहा नवबाधितांपासून प्रत्येकी एक कार्यक्षम आवरण-जनुक मिळविण्यात आले. त्या आवरणाचा, परंतु पेशीत एकदाच शिरू शकणारा, छद्मविषाणू घडवावयाचा. त्यात प्रतिपिंड मिसळून तो विशिष्ट पेशींवर सोडावयाचा. आणि काजव्याच्या विकरामुळे त्या पेशींत उमटणारा प्रकाश किती मंदावतो ते मोजावयाचे, अशी ही पद्धती. दहाही आवरणे 'सी' उपप्रकाराच्या एकाच शाखेतील निघाली. २जी१२ व २एफ५ हे ख्यातनाम प्रतिपिंड त्यांवर बहुतांशी निष्प्रभ ठरले. ४ई१० मात्र सर्वांवर चालला. विशेष हे की, इतर विषाणूंची प्रतिपिंडांपुढील वर्तणूक उपप्रकारानुसार गटांत बसली; या दहांची तेवढी बसेना. जनुकांचे नाते निकटचे, वर्तन मात्र गुंतागुंतीचे! (एका कुळातील बोलीही परस्परांस दुर्बोध असतातच.) लशीच्या परीक्षेसाठी एखादाच 'प्रातिनिधिक' भारतीय विषाणू निवडण्याची सोयीची कल्पना त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही.