कॅन्सर वाढलेल्या रुग्णाचा थकवा : घरच्यांनी काय करावे, काय टाळावे

महाळुंगे (ता. खेड) : "दिवसभर पडूनच तर असतात, मग दमतात कशाने?" कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात कमावती माणसे शिफ्टला जातात. आठ तास उभे राहून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो, म्हणून वडिलांचाही उतरेल असे पोराला वाटते. तसे होत नाही. मग घरात चिडचिड सुरू होते आणि रुग्णालाच आपण ओझे झालो असे वाटू लागते.

हा थकवा म्हणजे आळस नाही आणि रुग्णाने हिंमत सोडली असेही नाही. तो आजाराचाच भाग आहे. आंघोळ करून आले की धाप लागते, घास तोंडापर्यंत नेणे जड होते, दोन वाक्ये बोलली की डोळे मिटतात. वेदनेइतकाच हा त्रास खरा आहे आणि तो डॉक्टरांना सांगायलाच हवा.

आधी कारण शोधा

थकव्यामागची काही कारणे उपचाराने कमी होतात. रक्त कमी असणे, दुखण्यामुळे रात्रभर झोप न लागणे, जंतुसंसर्ग, उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी कमी होणे, थायरॉइड, शरीरातले क्षार बिघडणे, मनाची उदासी ही त्यातली नेहमीची. काही औषधांनीही गुंगी येते. मॉर्फिन सुरू केल्यावर येणारी गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते, त्यामुळे दुखण्याचे औषध घरच्या घरी बंद करू नये.

डॉक्टरांना नुसते "अशक्तपणा आहे" सांगून भागत नाही. रुग्णालाच विचारा, "शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त, तर आज किती?" रोजचा आकडा वहीत लिहा. आकडा चार किंवा जास्त राहत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांशी बोला.

सलाईनचा आग्रह नको

आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन लावायची पद्धत आहे. सलाईन म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. अंगातले पाणी कमी झाले असेल तर तिचा उपयोग होतो, पण कॅन्सरचा थकवा तिने जात नाही. आजार खूप वाढला असेल तर जादा पाण्याने पाय सुजतात, दमही लागतो. बीट, डाळिंब आवडीने खायला हरकत नाही, पण रक्त खूप कमी असेल तर तेवढ्याने भरून निघत नाही. लोहाच्या गोळ्या, ताकदीची पावडर, काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. स्टेरॉइडने काही रुग्णांना थोडे दिवस तरतरी येते, पण ते औषधही डॉक्टरांनीच ठरवायचे.

ताकद विहिरीच्या पाण्यासारखी वापरा

एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी कमी असते. तासभर मोटर चालवायची, मग पाणी साठू द्यायचे. एकदम उपसले तर दिवसभर काहीच मिळत नाही. रुग्णाच्या ताकदीचेही तसेच आहे.

- बरे वाटते ती वेळ ओळखा. बहुतेक कामे त्याच वेळेत करा.
- आंघोळ, जेवण, दवाखाना एकामागोमाग नको. मध्ये विश्रांती द्या.
- आंघोळ स्टुलावर बसून घालावी. संडासला उकिडवे बसवत नसेल तर कमोडची खुर्ची आणावी. पाणी, चष्मा, मोबाईल हाताशी ठेवावा.
- दुपारची झोप थोडी आणि लवकर, नाहीतर रात्र जागून जाते.
- थोडे थोडे, चार-पाच वेळा खायला द्या. बळजबरी करू नका.
- भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा. दहा मिनिटे पुरेत.

झेपत असेल तर रोज थोडे चालणेही फायद्याचे आहे. घरातून ओट्यापर्यंत आणि परत, एवढेही चालते. नुसते पडून राहिल्याने स्नायू आणखी गळतात. मात्र आजार हाडांत गेला असेल किंवा तोल जात असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

त्याच दिवशी दवाखान्यात न्या

थकवा अचानक वाढला आणि सोबत धाप, छातीत दुखणे किंवा रक्तस्राव असेल, केमो चालू असताना १००.४ किंवा जास्त ताप आला, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, पायातली ताकद एकाएकी गेली किंवा लघवी अडली, तर थांबू नका.

मदत कुठे मिळते

पुण्यात वारजे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालू आहे. तिथे कॅन्सर रुग्णांची काळजी मोफत घेतली जाते आणि घरच्यांनाही ती कशी घ्यायची ते शिकवले जाते. जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत. पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असा अर्थ नाही. त्रास कमी करणारे हे उपचार केमोबरोबरही घेता येतात. कंपनीत ईएसआयसी कापली जात असेल तर कार्डावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावे आहेत का, ते आजच पाहून घ्या.

काय राखायचे, ते रुग्णाला विचारा

अगदी शेवटच्या दिवसांत थकवा वाढतच जातो, झोप वाढते, खाणे कमी होते. त्या वेळी उठवून चालवणे, बळेच भरवणे थांबवावे. ओठ ओले ठेवावेत, जवळ बसावे. त्याआधी, बोलणे होते आहे तोवर, एक गोष्ट विचारून घ्यावी. दिवसात तासाभराचीच ताकद असेल तर ती कशासाठी ठेवायची? कुणाला संध्याकाळचा हरिपाठ ऐकायचा असतो, कुणाला नातवाशी बोलायचे असते, कुणाला एकदा बांधावर जाऊन यायचे असते. तेवढ्यासाठी त्या दिवशीची आंघोळ राहिली तरी चालते.