आपला मलिदा आणि त्यांचा मलिदा

गेल्या वर्षी मुलीच्या नव्या घरासाठी दुबईला गेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये इस्राएल आणि अमिरातीचा करार झाला, तेव्हापासून आपल्या माणसांचे तिकडे जाणे-येणे सोपे झाले आहे. गृहप्रवेशाला मलिदा करायचा ठरला. पोहे, नारळ, वेलची सारे हिंदी दुकानात मिळाले. शेजारच्या दोघी मदतीला आल्या, एक पेशावरची आणि दुसरी तेलंगणातली. मलिद्याचे नाव ऐकून दोघींचे चेहरे खुलले, पण ताट पाहून दोघीही गोंधळल्या. यात पोळी कुठे आहे, असे त्यांनी विचारले. त्यांच्या घरी मलिदा म्हणजे तूप-गुळात कुस्करलेली पोळी. तेलंगणात तो बतुकम्माच्या सणाला देवीपुढे ठेवतात.

माझी नात म्हणाली, "आजी, पण मलिदा हा हिब्रू शब्द आहे ना?"

वाचकहो, आपल्या कित्येक मुलांचा असाच समज आहे. शब्द हिब्रू नाही, फारसी आहे. 'मालीदन' म्हणजे चोळणे, मळणे. त्यावरून 'मालीदा', म्हणजे चोळलेले, कुस्करलेले. 'मालीश' हा शब्दही त्याच धातूचा. नर्सच्या नोकरीत मी जन्मभर रोग्यांच्या पाठीला मालीश केली आणि घरी मलिदा कालवला, पण हे नाते मला निवृत्तीनंतर कळले.

फारसी ही दख्खनच्या सुलतानांच्या दरबारची भाषा होती. त्या काळात तिचे शेकडो शब्द मराठीत रुळले. महाराष्ट्रात पिराला आणि मोहरमला मलिदा करतात तो पोळीचाच. आपले पूर्वज मात्र कुलाबा जिल्ह्यातले, तांदळाच्या मुलखातले. त्यांच्या ताटात भिजवलेले पोहे आले, खोवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आला, आणि भोवती फळे. तूप नाही, हे ध्यानात घ्या. मांसाच्या जेवणाबरोबर दूधतूप आपल्याला चालत नाही, नारळ चालतो. शेजाऱ्यांचे नाव घेतले, पण पदार्थ आपल्या नियमात बसवला.

अर्थही बदलला. आपल्यात मलिदा म्हणजे नुसता पदार्थ नव्हे, तो सबंध विधी. साखरपुडा असो, नवे घर असो, दूरचा प्रवास असो, एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून ब्राखा म्हणायची आणि मग प्रसाद वाटायचा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. तिथे जाऊन नवस फेडणारे आजही मलिदा करतात. वायिक्राच्या दुसऱ्या अध्यायात पीठ, तेल आणि ऊद यांचे अर्पण सांगितले आहे. त्याचीच ही आठवण, असे आपल्यातले पुष्कळ जाणते मानतात.

चौथा अर्थ मराठी वर्तमानपत्रांचा. नातीला मराठी वाचायला शिकवत होते. बातमीत आले की ठेकेदारांनी मलिदा लाटला. तिने विचारले, "त्यांनीही एलियाहू हन्नाबीचे गाणे म्हटले का?" मी हसले, पण समजावताना जीभ अडखळली. चावायचे कष्ट नाहीत, तूप मात्र भरपूर, म्हणून फुकटच्या लाभाला लोक मलिदा म्हणू लागले. जो शब्द आपण आभार मानताना उच्चारतो, तोच तिकडे लाचेचे नाव झाला आहे.

म्हणून आपल्यातले काही म्हणतात, हे नाव टाकून द्या, एखादे हिब्रू नाव ठेवा. मला ते पटत नाही. नाव शेजाऱ्यांकडून आले हे कबूल करण्यात कमीपणा कसला? ज्यांनी आपल्याला शेकडो वर्षे सुखाने नांदू दिले, त्यांच्या सोबतीची ती खूण आहे. नाव बदलले तर मुलांना ब्राखा ठाऊक राहील, पण कोकण विसरेल. नावाचा अर्थ मात्र मुलांना सांगितला पाहिजे. नाहीतर एक दिवस मलिदा म्हणजे पोह्यांचा गोड खाऊ एवढेच उरेल.

त्या रात्री पेशावरच्या बाईंनी आपल्या घरचा मलिदा वाटीतून पाठवला. आमचे जेवण मटणाचे झाले होते, म्हणून तुपाची ती वाटी झाकून ठेवली. सकाळी चहाबरोबर नातीने ती संपवली आणि विचारले, "आजी, हाही मलिदाच ना?" मी म्हटले, "हो बाळा, हाही मलिदाच."