मॅट्रिकचा वर्ग आणि त्याच्या आठवणी

शाळा सोडून जाणाऱ्या वर्गानें निरोपाच्या दिवशीं मागें वळून पाहावें व चार शब्द बोलावे, ही रीत आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिलाहि कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. भाषणांचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. गणिताच्या मास्तरांची छडी, स्नेहसंमेलनांतील फजिती, सहलीच्या दिवशीं आलेला पाऊस आणि अखेरीस दाटून आलेला कंठ. हीं भाषणें खोटीं असतात असें मुळींच नाहीं. परंतु इतिहासाची गोडी असलेल्या श्रोत्यानें तीं ऐकतांना एक प्रश्न मनांत वागवावा. ‘आमचा वर्ग’ असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां त्या वर्गांत कोणकोण धरलेले असतात, आणि जी आठवण सांगितली जाते ती वर्गाची असते कीं वर्गांतील बोलत्या मंडळींची?

मुळांत वर्ग ही वस्तुच आपल्याकडे अर्वाचीन आहे. तात्यापंतोजींच्या शाळेंत एकाच ओसरीवर धुळाक्षरें गिरवणारा पोर आणि पावकी-निमकी घोकून मोडी वाचूं लागलेला मोठा मुलगा हे शेजारीं शेजारीं बसत. प्रत्येकाची गति निराळी. कोणाची शाळा केव्हां सुटेल हें घरच्या निकडीवर अवलंबून असे. सगळ्यांनीं मिळून एकाच दिवशीं शाळा सोडण्याचा प्रसंगच तेथें संभवत नव्हता. इयत्ता, वेळापत्रक, वार्षिक परीक्षा हें सर्व इंग्रजी अमदानींतील शाळांनीं आणिलें. आणि या साऱ्या खटाटोपाला एक शेवटचें टोक मिळालें तें मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेनें. विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेंत उत्तीर्ण झाले. पुढें स्वातंत्र्याच्या सुमारास ही परीक्षा विद्यापीठाच्या हातून एस्. एस्. सी. बोर्डाकडे गेली, आणि १९७५ पासून शाळेचें शेवटचें वर्ष अकरावीचें दहावीवर आलें. ‘मॅट्रिक’ हा शब्द मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं त्यानंतरहि कितीतरी वर्षें टिकून राहिला.

त्या जुन्या मॅट्रिकच्या वर्गाकडे आजच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास पहिला धक्का बसतो तो वयाचा. आज एका वर्गांतील मुलें एका वयाचीं असतात. तेव्हां तसें नव्हतें. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूलमधून ते १८८१ सालीं मॅट्रिक झाले, म्हणजे तेव्हां ते तेवीस वर्षांचे गृहस्थ होते. विवाह तर केव्हांच झालेला. त्यांच्या ‘आत्मवृत्तां’तील सर्वांत ठसठशीत शालेय आठवण कोणत्याहि वर्गांतील नाहीं, ती रस्त्यावरची आहे. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेकरितां मुरूडहून सह्याद्रीचा घाट चढून पायीं सातारा गाठावा, आणि तेथें साहेबानें चेहरा पाहून ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं’ म्हणून परत पाठवावें! कोंकणांतील गरीब ब्राह्मणाच्या मुलाला शिक्षण म्हणजे पायपीट, वार लावून जेवणें आणि शिकवण्या, असें त्याचें रूप होतें. केशवसुतांचीहि तीच तऱ्हा. वर्धा-नागपुराकडे कांहीं काळ काढून ते पुण्यास आले आणि १८८९ सालीं न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिकची परीक्षा उतरले, तेव्हां तेहि तेविशीच्या घरांत होते.

त्याच शाळेच्या शिक्षकांचीं वयें यापुढें मांडून पाहावीं. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकर एकोणतीस वर्षांचे, आणि बाळ गंगाधर टिळक अवघे तेवीस वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षीं येऊन मिळालेले आगरकर टिळकांच्याच वयाचे. म्हणजे कर्वे मुंबईंत मॅट्रिकच्या बाकावर बसले होते त्या वेळीं त्यांच्याहून दोनच वर्षांनीं वडील असलेले हे दोघे पुण्यांत शिकवीत होते, आणि शिवाय ‘केसरी’ व ‘मराठा’ चालवीत होते. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत जी एक ऊब आढळते तिचें मूळ या तारुण्यांत असावें असें मला वाटतें. सरकारी हायस्कुलांतील शिक्षकाची बदली होई, तो येई आणि जाई. चिपळूणकरांनाहि तशाच बदलीनें रत्नागिरी दाखविली होती व तेथूनच त्यांनीं नोकरीस रामराम ठोकला होता. येथें शिक्षक शाळेचे धनी होते, आणि १८८२ सालीं कोल्हापूरप्रकरणीं त्यांतले दोघे डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून आले, हें मुलांनीं डोळ्यांदेखत पाहिलें. आपल्याला व्याकरण शिकविणारा मनुष्य तुरुंगांत जातो आणि सुटून आल्यावर पुन्हा फळ्यापुढें उभा राहतो, हा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकांत सांपडणार?

या शाळेच्या विद्यार्थ्यानें केलेलें पहिलें सिंहावलोकन शाळा सोडण्यापूर्वींच लिहिलें गेलें, ही मौजेची आणि दुःखाचीहि गोष्ट आहे. १७ मार्च १८८२ रोजीं विष्णुशास्त्री वारले. शाळा सुरू होऊन पुरतीं सव्वादोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. हरि नारायण आपटे हा अठरा वर्षांचा विद्यार्थी; त्यानें ‘शिष्यजनविलाप’ हें काव्य लिहिलें. नांवच पाहा: ‘शिष्य’ नव्हे, ‘शिष्यजन’. एका मुलानें सर्वांच्या वतीनें रडण्याचा अधिकार घेतला आणि तो इतरांनीं मान्य केला. याच मुलानें पुढें लौकरच आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या भाषांतरावर विस्तृत आणि कडक टीका लिहिली! गुरूविषयीं विलाप आणि गुरूच्या ग्रंथाची चिकित्सा हीं दोन्ही कामें ज्या शाळेंतील एकाच पोराला सुचलीं, त्या शाळेनें कांहीं तरी खरोखर शिकविलें होतें यांत शंका नाहीं.

पुढें मात्र आठवणींचें स्वरूप पालटत गेलें. १८९० च्या अखेरीस टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, त्याच्या आधींपासूनच आगरकरांचें व त्यांचें बिनसलें होतें, आणि विद्यार्थ्यांना आपली शाळा आठवतांना आतां बाजू घ्यावी लागूं लागली. १८९५ सालीं आगरकर गेले. १९२० सालीं टिळक गेले, आणि त्यानंतर सदाशिव विनायक बापट यांनीं तीन जाडजूड खंडांत टिळकांच्या आठवणी व आख्यायिका एकत्र केल्या. हा संग्रह म्हणजे खजिनाच. पण खजिन्यांतील प्रत्येक नाणें वाजवून घ्यावें लागतें. चाळीस वर्षांपूर्वींचा गणिताचा तास सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तो तरुण मास्तर उभा नसतो. मंडालेहून परत आलेले लोकमान्य उभे असतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट घरोघर पोंचली ती अशाच मागून पडलेल्या उजेडांत. ती घडली असेल, पण पुढें कीर्ति न मिळविणाऱ्या कितीतरी मुलांनींहि मास्तरांशीं असेच वाद घातले असतील, आणि त्या गोष्टी सांगावयास कोणी उरलें नाहीं.

याहून मोठा प्रश्न वर्गाबाहेरच्यांचा. १८८२ सालींच हंटर कमिशन मुंबई इलाख्यांत आलें होतें. न्यू इंग्लिश स्कूलची पाहणी करून हंटरसाहेबांनीं तिची वाखाणणी केली, आणि शाळेच्या चाहत्यांनीं ती प्रशस्ति पुढें वर्षानुवर्षें अभिमानानें सांगितली. त्याच कमिशनपुढें त्याच वर्षीं जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन ठेविलें. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामांतून येतो, आणि उच्च शिक्षणाच्या रूपानें तो वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो, असा त्यांचा रोखठोक आरोप होता. दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या, एका शहराच्या आणि एका कमिशनच्या; पण शाळांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांत पहिली हटकून सांपडते, दुसरी क्वचितच. मुलींचेंहि तेंच. १८८४ सालीं पुण्यांत हुजूरपागेंत मुलींचें हायस्कूल निघालें, तेव्हां त्याच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठविणारांत टिळक अग्रभागीं होते. मुलांच्या शाळेंत ज्यांना गुरु म्हणून आठवतात, त्यांनाच त्या शाळेच्या इतिहासांत विरोधक म्हणून नोंदावें लागतें.

आणि वर्गांत शिरूनहि जो वर्गांत नव्हता, अशा विद्यार्थ्याची साक्ष आपल्याजवळ आहे. साताऱ्याच्या ज्या शाळेस आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात तिच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर हें नांव चढलें. त्या काळीं वर्गांत नंबराप्रमाणें बसण्याची चाल होती. ज्याचा पहिला नंबर तो पहिल्या जागीं. डॉ. आंबेडकरांनीं पुढें आपल्या बालपणाविषयीं इंग्रजींत जें टिपण लिहिलें, त्यांत साताऱ्याच्या दिवसांबद्दल सांगितलें आहे कीं, नंबर कोणताहि असो, आपली जागा कोपऱ्यांत एकट्याची. बसावयास गोणपाटाचा तुकडा. तो शाळा झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून रोज घरीं न्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं परत आणावयाचा. तहान लागली तर शिपायानें नळ सोडावा. शिपाई नसला तर पाणीहि नाहीं. शिक्षकाची छडी यांत कोठें नाहीं, सहल नाहीं, स्नेहसंमेलन नाहीं. गोणपाट आणि नळ, एवढीच काय ती शाळेची आठवण.

मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांतहि कोपरा सुटला असें म्हणवत नाहीं. संस्कृत घेण्याची इच्छा असतां तें शिकविण्यास नकार मिळाला व फारशी घ्यावी लागली. एकदां शिक्षकांनीं फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविलें, तेव्हां वर्गांत एकच गलका झाला, कारण फळ्याच्या मागें इतर मुलांनीं आपले फराळाचे डबे ठेविले होते. ते धांवत जाऊन त्यांनीं बाजूस काढले आणि मग त्या मुलाला फळ्याशीं जातां आलें. डब्यांच्या त्या धन्यांपैकीं एखाद्यानें म्हातारपणीं शाळेच्या आठवणी सांगितल्या असतील, तर त्यांत डब्यांतील पदार्थ आले असतील, गणिताचे मास्तर आले असतील, उदाहरणहि आलें असेल. गलका बहुधा आला नसेल. विसरण्यासारखें त्यांत त्यांचें कांहींच गेलें नव्हतें.

१९०७ सालीं हा विद्यार्थी मॅट्रिक झाला. अभिनंदनाची सभा भरविली ती वर्गबंधूंनीं नव्हे, ज्ञातिबांधवांनीं. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. आणि दुसऱ्याच एका शाळेंतले शिक्षक, कृष्णाजी अर्जुन केळूसकर, यांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्या मुलाच्या हातीं ठेविलें. केळूसकरांची ओळख बागेंत वाचीत बसलेल्या मुलाशीं झाली होती. या हायस्कूलच्या आठवणींत गुरु म्हणून जो उरतो तो अशा रीतीनें शाळेबाहेरचा आहे.

साताऱ्यास पटावरील ती नोंद जपून ठेविली आहे. तिचा अनुक्रमांक १९१४. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि लोक त्या पानावरील सही पाहण्यास येतात. १९१३ आणि १९१५ या अंकांवरचीं मुलें कोण होतीं, आणि त्यांना कोपऱ्यांतल्या त्या मुलाबद्दल कांहीं आठवत होतें काय, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.